तिच्या तोंडी माझं घरचं नाव

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शिंगाडे खाणं. तलावाच्या पाळीवर, मातामाय देवीच्या शेंदरी दगडाशेजारी बसलो होतो. मला दात नाहीत, म्हणून उकडलेला शिंगाडा ती सोलायची, बोटांनी कुस्करायची आणि भरवायची. "अजी, तोंड उघडा. म्हातारे झाले, पन लाड काही सरत नाही तुमचे." मी म्हणालो, "मंग पुरवते कायले?" हसता हसता तिला खोकला आला. मग ताप, मग दम.

ती मला जन्मभर 'अजी' म्हणाली. नवऱ्याचं नाव घेणं तिला कधी जमलंच नाही. मीही तिला 'ऐकलं का वं' म्हणूनच हाक मारली. आमच्यात तसंच चालतं.

आम्ही ढिवर. आमची मासोळी गावाला चालते, आमचा हात चालत नाही. बाजारात बाया तिच्या टोपलीत पैसे वरून टाकत. करोनाच्या दिवसांत तर लोक लांबूनच ओरडत, "हेच घेऊन फिरते बीमारी!" तिला दवाखान्यात नेलं, तर फाटकावरच्या माणसाने कपडे भरलेली आमची मासोळीची टोपली पाहिली आणि तो म्हणाला, "मच्छीवाले तिकडं, झाडाखाली." आमच्या मागून बाजारओळीतले दुकानदार गाड्यांनी आले आणि सरळ आत गेले. तिला आत घेतलं तेव्हा ऊन उतरलं होतं, तिचे ओठ निळे पडले होते. तो उशीर देवाने केला नाही, माणसांनी केला. हे मी आजही म्हणतो.

मला आत जाऊ दिलं नाही. मी झाडाखाली बसून मातामायशी भांडलो. म्हटलं, माय, तू आहेस की नुसता शेंदूर आहेस? हिला वाचव. आणि तुझ्याने तेही होत नसेल तर एवढं तरी कर, हिला तहानलेली नेऊ नको, कोणी हात न लावता नेऊ नको.

तिथे एक नर्स होती, दूर पूर्वेच्या पहाडातली. बारीक डोळे, गोरा चेहरा. रुग्णांचे नातेवाईक तिला चिनी म्हणत. "रोग हिच्याच लोकांनी आनला, हिच्या हातचं पानी नोको घेऊ," असं ते फाटकातून आत आपल्या माणसांना ओरडून सांगत, मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच बाहेर आली. झाडाकडे पाहून तिने एका नावाने हाक मारली. माझ्या अंगावर काटा आला. ते माझं घरचं नाव. माझी माय मारायची ती हाक. कोणत्या कागदावर ते नाव नाही, आणि माय जाऊन जमाना झाला.

मी म्हणालो, "बाई, तुमाले कोनं सांगतलं?"

ती माझ्यासमोर खाली बसली. "माँजी ने. मैं पानी लेकर गई तो हँसी. बोली, आ बेटी, हम दोनों को कोई छूता नहीं, मेरे पास बैठ. मेरा हाथ पकड़ के पानी पिया. फिर आपका नाम लिया. फिर चली गई, बाबा."

मी रडलो. तिला वाचव म्हटलं होतं, ते मातामायने ऐकलं नाही. उरलेलं अर्धं ऐकलं, आणि ते पुरं करायला पाठवलं कोणाला, तर जिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं तिला. हा चमत्कार का, मला कळत नाही. शिकलेला नाही मी. देव आपल्या मापाने देतो, आपण ओंजळ धरायची, एवढं समजलं. भांडण अजून आहे, पण आता ते घरच्या माणसाशी असतं तसं आहे.

माझी करोनाची तपासणी साफ निघाली होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगाडे उकडले आणि मातामायसमोर ठेवून तलावाकडे तोंड करून माझ्या बायकोचं नाव घेतलं. मोठ्याने, पहिल्यांदा. मग उरलेले सोलून, फडक्यात बांधून दवाखान्याच्या फाटकावर गेलो. नर्स आली. तिने सवयीने हात लांब धरला, मी वरून टाकीन म्हणून.

मी वरून टाकले नाहीत. जवळ गेलो आणि तिच्या तळहातावर ठेवले.