अलास्काची रंगीत तालीम

सिंगापुरात, सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमधल्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या की अलास्काचंच बोलायच्या. काकांना शेजारी बसवून तिथले रानातले हायवे त्या स्वतः गाडीनं पालथे घालणार होत्या. खडीचे रस्ते, दिवसभर न दिसणारा पेट्रोल पंप, तंबूत लसणीची चटणी ठेवली तर वासावर येणारं अस्वल. आपला मजला आला तरी बटण दाबून लिफ्टचं दार उघडं धरायच्या. मुद्दा संपेपर्यंत कोणाची सुटका नसे. पन्नाशी उलटलेल्या, बँकेत अकाउंट्स बघणाऱ्या. "टूरबरोबर जा की," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टूरवर पोहे मिळतात रे, अस्वल नाही."

एका रविवारी त्यांनी माझी गाडी मागितली. चालवायला नव्हे, चाक काढून पुन्हा बसवायला. कारपार्कच्या गच्चीवर ऊन रणरणत होतं आणि काकू जाड कोट, लोकरी टोपी, हातमोजे घालून चाकाशी झटत होत्या. तिकडच्या थंडीत हे सगळं अंगावर असणारच, मग सवय इथेच करायची. एक नट काही केल्या हलेना. हनुवटीवरून घाम गळत होता.

"काकू, मी करू का?"

"तिकडे तू असणार आहेस का?"

मी मागे सरलो. त्या पान्याच्या दांड्यावर चक्क उभ्या राहिल्या, आणि नट करकरत सुटला.

आपल्या गाडीकडे निघालेले एक चिनी गृहस्थ थबकून बघत होते.

"आमच्याच मजल्यावर राहतात," मी त्यांना इंग्रजीत सांगितलं.

त्यांनी विचारलं नव्हतं.