बोरवर सापडलेला ताल

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण ताल भरून ठेवायची डबी मी कुणालाही न विचारता शिकलो, हे आधी सांगून ठेवतो. बँजो पार्टीत मी पॅड वाजवायचो, त्याच्या आधी हलगी. ताल सुचायचा तो नेमका पैठणच्या एस्टीत, नाहीतर टँकरच्या रांगेत. मांडीवर वाजवत घरी येईपर्यंत निम्मा सांडून जायचा. म्हणून शहागंजच्या जुन्या बाजारातनं ही वापरलेली डबी आणली. विटेएवढी, सोळा रबरी बटणं, सेलवर चालणारी. लाल बटण दाबलं की समोरचा आवाज आत जातो. तो एका बटणावर बसवायचा, बाकीच्यांवर आपले ठोके. पडद्यावरचं इंग्रजी मला आजही वाचता येत नाही, मी बटणांच्या जागा ध्यानात ठेवल्या. पार्टीतल्या शिकलेल्या पोरांना ज्याला तास लागायचा, ते मी चहा निवायच्या आत करायचो.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. करमाडला माझ्या धाकट्या भावाची मोसंबीची बाग पान पान गाळत होती. पाणी लागलं तर बाग, नाहीतर कुऱ्हाड, एवढंच उरलं होतं. त्यानं बोर पाडायची गाडी बोलावली.

दुपारपर्यंत नुसती भुकटी उडत होती. आम्ही सगळे तोंडाला रुमाल बांधून उभे. खाली हातोडा पडत होता. खडक कडक लागला की दुडक्या चालीनं, जरा मऊ लागला की संथ. रॉड जोडायला मशीन थांबलं की सगळं रान गप, आणि पुन्हा पहिला ठोका. असा ताल मी जन्मात ऐकला नव्हता. हात आपसूक पिशवीत गेला. लाल बटण दाबलं तेवढ्यात गाडीवाल्यानं हातानंच विचारलं, बंद करू का. भाऊ ओरडला, "अजून!"

तेही आत गेलं.

मी बटणांवर बोटं चालवत होतो, मान हलत असणार. भाऊ जवळ आला.

"दादा, काय करायलास?"

"ताल हाय एक. निसटंल."

"हितं माझी बाग जळायली अन् तुला ताल सुचायला."

"सुचनं माझ्या हातात हाय व्हय?"

"पूस ते."

"सुचलेलं पुसत नसतो मी."

बोर कोरडा गेला. त्याच उन्हाळ्यात बाग तोडली. भाऊ माझ्याकडं यायचा बंद झाला. मी थोरला, मी कशाला जाऊ?

तो ताल मात्र चालला. शेंद्र्याकडं कंपन्या आल्या, रानाचे प्लॉट पडले, वराती लांबत गेल्या. दर चार आवर्तनांनंतर मी ते "अजून" सोडायचो. मग नाचणारी पोरं हात वर करून तेच ओरडायची. आवाज कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

पुतणीच्या लग्नाला भावानं स्वतः फोन केला. "पार्टी तुझीच आन," एवढंच बोलला. मी पोरांना बजावलं, ह्या लग्नात तो ताल नाही. पण वरात मांडवाशी आली आणि नवरदेवाकडची पोरं तोच मागायला लागली. मी नाही म्हणालो. त्यातला एक हसून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, म्हाताऱ्याला झेपत नाय आता."

मग मी वाजवला. दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

भाऊ दारात वरातीला सामोरा उभा होता. पहिल्या "अजून"ला त्यानं इकडं पाहिलं. दुसऱ्याला सगळी वरात ओरडली. त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला, हातात धरला आणि ताल संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग पुन्हा बांधून व्याह्यांना आत घेऊन गेला.

चार दिवसांनी मी डबी घेऊन त्याच्याकडं गेलो. माफी मागायला जमलं नाही. डबी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे दाबून धर, मंग हे. पुसून जातंय."

मला वाटलं होतं, तो राहू दे म्हणेल. त्यानं दोन्ही बटणं दाबली. अंगठा बराच वेळ काढला नाही.

"गेलं?"

"गेलं."

"जेवून जा," तो म्हणाला.

आता तो इथं शहरातच, माझ्या घरापासनं जवळ, पोरीकडं राहतो. संध्याकाळी आम्ही दोघं पाय मोकळे करायला निघतो. तो ताल पार्टीतल्या पोरांच्या मोबाईलमध्ये कधीच गेला होता, तिथनं दुसऱ्या पार्ट्यांकडं. हे मी त्याला सांगितलेलं नाही. लग्नसराईत लांबून वरात दिसली, की मी गुडघा धरतो, चालवत नाही म्हणतो आणि त्याला मागच्या गल्लीनं घरी आणतो.

परवा तो म्हणाला, "दादा, गुडघा दाखव एकदा डॉक्टरला."

बघू म्हणालो.