साखळी कोणाच्या हातात

चेकरबाईंची उभी नोकरी बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला उरली घरची-दारची माणसं. दूधवाला झाला, पेपरवाला झाला, शेजारीण तर दोनदा झाली. लेकीचं लग्न झाल्यापासून पाळी जावयाची होती.

जावई पोहायला शिकवायचा. उंचापुरा, पंजे सुपाएवढे, आणि सदा हसतमुख. ते हसणंच बाईंना खुपायचं. "खिशात तिकीट असलेला माणूस चेकरकडे बघून कशाला हसेल?" त्या लेकीला विचारायच्या. लेक ऐकून सोडून द्यायची.

पण बाईंच्या जुन्या गाडीचं इंजिन जाम झालं आणि प्रकरण हातघाईवर आलं. खर्चाचा आकडा ऐकून बाईंनी गॅरेजवाल्याला तिथल्या तिथे दरोडेखोर ठरवलं. तेव्हा जावई म्हणाला, "आई, घरीच बदलू या की इंजिन. मी कधी केलेलं नाही, पण व्हिडिओ खूप बघितलेत."

"पाण्यातला माणूस तेलात कशाला उतरतोय?" तो गेल्यावर बाई म्हणाल्या. "जुन्या इंजिनातलं काहीतरी विकायचं असेल त्याला."

लेकीने हातातला कप खाली ठेवला.

"आई, आता नीट ऐक. तो स्वतःची सुट्टी घालवून तुझी गाडी करतोय. पुन्हा एकदा त्याच्यावर संशय घेतलास ना, तर हे काम संपल्यावर मी या घराची पायरी चढणार नाही."

लेक बोलते ते करते, हे बाईंना पक्कं माहीत होतं. तो गुण तिने कोणाकडून उचलला तेही माहीत होतं. त्यांनी ओठ शिवून घेतले. पण डोळे कुठे शिवता येतात?

काम सुरू झालं. बाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या. बॉनेट उतरलं, तेल आणि पाणी बादल्यांत काढलं. सुटलेल्या प्रत्येक वायरीला जावई चिकटपट्टी लावायचा, तिच्यावर नंबर घालायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा.

"फोटो कशाला?"

"लावताना विसरायला नको."

"म्हणजे विसरणार हे ठरलेलंच आहे."

खिडकीतून आवाज आला, "आई!"

"अगं, नुसतं विचारतेय!"

जुनं इंजिन निघालं आणि पोर्चच्या कोपऱ्यात टायरवर विसावलं. दुसरं इंजिन भंगारबाजारातून टेम्पोने आलं, ते चंदेरी रंग मारून. बाई त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आल्या. आपलंच इंजिन रंगवून आपल्याच गळ्यात मारतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून जुन्याला त्यांनी गुपचूप खूण करून ठेवली होती.

"आई, जुन्या इंजिनावर हा लाल ठिपका कसला?" जावयाने विचारलं.

"गंज असेल."

"चकाकतोय."

"मग ताजा गंज असेल."

जावई वाकून बघत राहिला. "गंमत आहे. अगदी हिच्या नेलपॉलिशचा रंग." आणि पाना घेऊन कामाला लागला. खिडकीकडे बघून ओरडला नाही, चुगली केली नाही. बाईंना तेच जास्त धोक्याचं वाटलं. हा काहीतरी राखून ठेवतोय.

पोर्चच्या तुळईला भाड्याची कप्पी अडकवली होती. तिच्या साखळीला लटकत चंदेरी धूड हळूहळू गाडीच्या पोटात उतरलं. गिअरबॉक्सला जुळायला त्याने सकाळभर छळलं, पण जुळलं. आता राहिले इंजिनाला गाडीशी बांधणारे दोन मोठे बोल्ट, एक उजवीकडे, एक डावीकडे. एकाने साखळी तसूतसूने सोडायची, दुसऱ्याने खालच्या फटीत हात घालून बोल्ट भोकात बसवायचा. कप्पी जुनी होती. मध्येच कट्कन दात सोडायची.

"साखळी मी धरते," बाई म्हणाल्या.

"जड आहे, आई."

"खच्चून भरलेल्या बसमधून मी दांडगी दांडगी माणसं खाली उतरवलीत. साखळी मीच धरणार."

जावयाने वाद घातला नाही. गाडीवर ओणवा झाला, गाल पत्र्याला टेकवला आणि कोपरापर्यंत हात इंजिनाखाली घातला. डोळे मिटून बोटाने भोक चाचपायला लागला.

"सोडा थोडी... अजून... बस्स!"

बाई टक लावून बघत होत्या. आता वर बघेल, मग बघेल. माझ्या हाताकडे एकदा तरी बघेलच की! पण तो बघेना. बाईंच्या तळहाताला घाम फुटला. साखळी निसटली तर? जन्मात पहिल्यांदाच त्यांना स्वतःचा संशय आला.

उजवा बोल्ट बसला. डाव्या बाजूची फट अरुंद होती. जावयाचा पंजा मनगटापाशी अडकला, सालपट निघालं, तरी आत जाईना.

"तुमचा हात जाईल, आई."

बाईंनी हात पदरात घेतला. "आणि साखळी?"

"मी आहे ना."

"तुमचा धंदा मला माहितीये, जावईबापू. पोरांच्या पाठीखाली हात धरायचा आणि ती तरंगायला लागली की न सांगता काढून घ्यायचा."

"हो."

"हो काय, हो?"

"काढतो. पण वीतभर खालीच ठेवतो, पाण्यात. त्यांना दिसत नाही एवढंच." त्याने साखळी मुठीभोवती गुंडाळली. "तुम्ही बघत राहा माझ्याकडे. खुशाल बघा. मला राग नाही येत."

खिडकीत लेक उभी होती. या खेपेला तिने हाक मारली नाही. आता नाही म्हणणं म्हणजे उघड संशय घेणं, हे तिघांनाही कळत होतं.

बाईंनी बांगड्या काढल्या आणि हात आत घातला. लोखंड गार होतं, तेलकट होतं, आणि हातावरचं सगळं वजन जावयाच्या एका मुठीत होतं. बोल्ट आंधळ्यासारखा भोक शोधत होता आणि बाईंची नजर वर खिळली होती. साखळी, मूठ, चेहरा. पुन्हा साखळी, मूठ, चेहरा. जावई हसत नव्हता. घामाचा थेंब नाकावर लोंबत असूनही त्याने तो पुसला नाही.

"सोडा," बाई म्हणाल्या. "अजून. हं... बसला."

वायरी नंबराबरहुकूम लागल्या, तेलपाणी भरलं, बॉनेट परत चढलं. किल्ली फिरवल्यावर गाडी खोकली, रुसली, आणि एकदम धडधडायला लागली. लेक धावत बाहेर आली.

"सुरू झाली की रे!"

बाईंनी मात्र मान तिरकी केली. "हा टकटक आवाज कसला?"

"आई, पुरे आता!" लेकीचा आवाज चढला. "एवढं करूनही तुझं..."

"थांब गं," जावई म्हणाला. त्याने कान इंजिनाजवळ नेला. "मलाही येतोय. भंगारवाला म्हणाला होता, डॉक्टरची गाडी, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली."

"डॉक्टर? आणि वर चंदेरी रंग? रंग कोण मारतं? ज्याला झाकायचं असतं तो!"

"मलाही तिथेच खटकलं होतं, आई. पण म्हटलं, उगाच कशाला संशय घ्या."

"बोलायचं होतं ना मग! कोणी अडवलं होतं?"

लेकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. दोघांची डोकी बॉनेटखाली एकमेकांना चिकटली होती.

"उद्या सकाळी जाऊन विचारू त्याला," जावई म्हणाला.

"उद्यापर्यंत तो नवी गोष्ट रचेल. आत्ता चला." जावयाने बॉनेट पाडेपर्यंत बाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्यासुद्धा. "तिथे बोलायचं मी. तुम्ही माझ्या पाठीशी उभं राहायचं."

"आणि मी?" लेकीने विचारलं.

"तू त्या तेलाच्या बादल्या उचल," बाई काच खाली करत म्हणाल्या, आणि गाडी टकटक करत फाटकाबाहेर पडली.