क्रुसिबलवरची फुंकर
कागद जळल्याचा वास आला की म्हैसूरची ती प्रयोगशाळा आठवते. सातवीत शाळा सुटलेली मी, सांगोल्याहून इतक्या लांब येऊन महिनाभराच्या बोलीवर कामाला लागले होते. जवळच्या हिनकल गावातल्या विहिरीच्या पाण्यात रसायन घालून त्यातला क्षार गाळणकागदावर पांढरा साका म्हणून धरला होता. क्रुसिबलमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या छोट्या मुशीत, तो कागद सावकाश जाळायचा आणि उरेल ते तोलायचं. कागदाने एकदम पेट घेतला, आणि चुलीपाशी वाढलेली मी झटकन फुंकर मारली. चिमूटभर पांढरी पूड उडाली. कुणी पाहिलं नव्हतं, प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाई आत तराजूपाशी होत्या. नोकरी गेलीच असं धरून आत गेले आणि सांगून टाकलं. "अय्यो, चूल वाटली काय गं तुला? झाकण कशाला ठेवलंय तिथं?" बाई कडाडल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सांगितलं नसतंस तर ते खोटं वजन मी खरं म्हणून लिहिलं असतं की. परवागिल्ला, काही हरकत नाही, परत पाणी घे." दोन दिवसांनी नवा साका त्यांनी जाळायला माझ्याच हातात दिला, आणि बघत न थांबता तराजूच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आजही घरात कागद पेटला तर माझा हात आधी झाकण शोधतो.