करमचं वादळ आणि मादाम मार्सेल

१९ फेब्रुवारी १९८९. सडलेल्या संत्र्यांबद्दल विमा कंपनीकडे आमचा दावा होता एकतीस हजार चारशे पन्नास डॉलरचा. तो बुडाला असता तर मालक हाजी मितवल्लींना पॅकिंगची शेड विकावी लागली असती आणि आम्हा सगळ्यांना घरी बसावं लागलं असतं.

लंडनहून टेलेक्सवर एकच प्रश्न आला होता: वादळ अपेक्षित होतं का?

हाजी भडकले. "हा काय प्रश्न झाला? जानेवारी सरता सरता करमचं वादळ येतं, हे अलेक्झांड्रियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कॅलेंडरात छापलेलं असतं! लिहून टाका, एक्स्पेक्टेड होतं. त्यांनाही कळू दे, आम्ही अडाणी नाही."

इंग्रजी पत्रव्यवहार मादाम मार्सेल बिशारा बघायच्या. नन्सच्या शाळेत शिकलेल्या, लग्न न केलेल्या, सव्वीस वर्षं त्याच खिडकीपाशी बसणाऱ्या. त्यांनी गळ्यात लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"एवढंच पाठवायचं असेल हाजी, तर सोबत शेडच्या किल्ल्याही पाठवा."

"मग काय खोटं लिहू?"

"खरंच लिहायचं. पण पुरतं."

मादाम शब्दांचे अर्थ कधी नुसते सांगत नसत, हाताशी असेल त्या वस्तूवर दाखवत. तेवढ्यात माझी कॉफी आली.

"रिफअत, कॉफी येणार हे तुला ठाऊक होतं. ते एक्स्पेक्ट. ती यायच्या आधीच तू हिशेबाच्या वह्या बाजूला सारल्यास, ते अँटिसिपेट. आता पी."

मी घोट घेतला. साखरेचा पाक होता नुसता.

"ही अशी निघेल हे आधी दिसलं होतं? नाही ना? दिसलं असतं, तर ते फोरसी."

"आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो की," हाजी म्हणाले.

"आपल्यात चालतं ते. ते लोक म्हणतील, ठाऊक होतं तर हात बांधून का बसलात?"

आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. करम दोन दिवसांत ओसरतं, म्हणून जहाज दोन दिवस उशिरा बोलावलं होतं आणि क्रेटवर दुहेरी ताडपत्री घातली होती. त्या वर्षी मात्र वादळ आठ दिवस हटलं नाही आणि जहाज बंदरात शिरू शकलं नाही. मादामनी नेमकं हेच तीन वाक्यांत लिहिलं, प्रत्येक शब्द ज्याच्या त्याच्या जागी.

"एवढं लांबलचक? टेलेक्सचं बिल कोण तुमचा बाप भरणार?" हाजी पुटपुटले, पण त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात दावा पूर्ण मंजूर झाल्याचं कळलं. हाजींनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला आणि खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "मादाम, जेवलात का?"

आम्ही तिघं बंदराजवळच्या बहरी मोहल्ल्यात तळलेली मासळी खायला गेलो. हाजी पाकीट ऑफिसातच विसरले होते. पैसे मादामनी दिले. माझ्या वाट्याचे पावणेदोन इजिप्ती पौंड मी अजून त्यांना देणं लागतो.