चौथा प्रश्न

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांपर्यंत पोचायचं असेल तर आधी पायरीबाईंच्या टेबलाशी बसावं लागतं. हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. बाई समुपदेशक आहेत. माणसं गोळ्या का घेत नाहीत, विडी का सोडत नाहीत, दुखत असूनही तपासायला का येत नाहीत, हे शोधून काढणं त्यांचं काम. त्यांच्या जाडजूड पुस्तकात म्हणे माणूस बदलतो तो पाच पायऱ्यांनी. पहिलीवर त्याच्या डोक्यातही काही नसतं, दुसरीवर विचार येतो, तिसरीवर तयारी, चौथीवर तो करतो आणि पाचवीवर टिकवतो. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बाई पेन्सिलीने पायरीचा आकडा टाकतात. पेन्सिलीने अशासाठी, की माणूस चढतो तसा घसरतोही.

मी पलीकडच्या खिडकीत औषधं देतो. सगळे मला कंपाउंडर म्हणतात, बाई भाऊ म्हणतात. आमच्यामध्ये नुसती एक लाकडी फळी आहे, त्यामुळे गेली अकरा वर्षं त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं, हौस असो वा नसो. सुरुवातीला मला या प्रकाराची चीडच यायची. रांग दाराबाहेर गेलेली आणि ह्या शांतपणे विचारतायत, "हा आजार तुम्हाला होईल असं वाटतं का? झाला तर किती बिघडेल? उपचारानं फरक पडेल का? आणि उपचार घ्यायला काय आडवं येतं?" हे चार प्रश्न, प्रत्येकाला, न चुकता. त्याशिवाय कार्ड आत जायचं नाही, हा त्यांचा नियम.

माझं तोंड बंद झालं ते एका आचाऱ्यामुळे. रक्तदाबाची गोळी तो काही केल्या घेईना. डॉक्टर रागावले, त्याची बायको रडली, मीही खिडकीतून दोन शब्द सुनावले. बाईंनी चौथा प्रश्न विचारला. आचारी मान खाली घालून म्हणाला, गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं आणि स्वयंपाकघरापासून मोरी तीन मजले वर. मालक घड्याळ लावून बघत बसतो. बाईंनी डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ बदलून घेतली. झालं, सुटला प्रश्न. "भाऊ, नुसत्या भीतीनं माणूस हलत नाही," त्या मला म्हणाल्या. "भीती दाखवली आणि वाट दाखवली नाही, तर तो डोळे मिटून घेतो." त्या दिवसापासून मी त्यांना चिडवायचं सोडलं नाही, पण मनातून मानायला लागलो.

या बाईंचे यजमान बस चालवतात. चार महिन्यांपूर्वी बाईंच्या लक्षात आलं, की घरचा जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि खिसे चाचपतात. विचारलं तर म्हणायचे, किल्ली शोधतोय. घराची किल्ली बाईंच्या पर्समध्ये असते.

तेव्हापासून बाईंचा जीव टांगणीला लागला, आणि त्यांच्याबरोबर माझाही. रोज सकाळी टेबल पुसता पुसता फळीपलीकडून बातमी यायची. आज दाढीच्या सामानाशेजारी हृदयाच्या तपासणीचं माहितीपत्रक ठेवून आले. आज त्यांच्या डेपोतल्या, ऑपरेशन झालेल्या मित्राला चहाला बोलावलं, आपल्यासारख्यानं केलं की माणूस करतो म्हणून. आज त्यांनी विचारलं, तुमच्याकडे रांग किती असते? "भाऊ, दुसऱ्या पायरीवर आले वाटतं!" आणि दुसऱ्या दिवशी पडक्या आवाजात, "नाही हो, पहिलीवरच आहेत. त्यांना काही झालंय हेच त्यांना पटत नाही."

"बाई, नवरा आहे की पेशंट?" मी एकदा वैतागून म्हणालो. त्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

शेवटी ते हो म्हणाले. मंगळवारी सकाळची पाळी दहाला संपली की थेट इकडे यायचं ठरलं. डेपो पंधरा मिनिटांच्या अंतरावर. बाईंनी आदल्या दिवशीच कार्ड तयार करून ठेवलं होतं, कोपऱ्यात एकचा आकडा. पटून नाही, माझ्या हट्टापायी येतायत, म्हणाल्या.

साडेदहा वाजले. बाईंनी एका म्हाताऱ्याला तोच प्रश्न दोनदा विचारला. पावणेअकराला त्यांच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दारातून कुणीही आलं की त्या अर्ध्या उठायच्या आणि बसायच्या. अकराला त्यांनी डेपोत फोन लावला. ते दहालाच निघाले होते. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी खिडकी तशीच टाकून, रांगेच्या शिव्या खात बाहेर पळालो.

ते दवाखान्याच्या पायऱ्यांच्या तळाशी कठड्यावर बसले होते. खाकी शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, आणि दोन्ही हात खिशांवर.

"किल्ली शोधतोय," ते म्हणाले.

"शोधा की! मी धरतो तुम्हाला, चला."

"लिहून घ्यायला तीच आहे का? दुसरं कुणी नाही?"

मला तेव्हा काही उमजलं नाही. दम खात खात त्या अकरा पायऱ्या आम्ही चढलो. आतला पेशंट बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं होती. मी म्हणालो, बाई, आज राहू द्या तुमचे प्रश्न. पण तेच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नाही, विचारू दे. सगळ्यांना विचारते तसं."

बाईंनी कार्ड पुढे ओढलं. "हा आजार तुम्हाला होईल असं वाटतं का?"

"झालाय. चार महिने ठाऊक आहे मला."

बाईंनी वर पाहिलं. "अहो, पण तुम्ही तर..."

"लहान फेरीचा मार्ग मी मागून घेतला. तुला सांगितलं, वरिष्ठ झालो म्हणून मिळाला. चाळीस माणसं बसलेली असतात गं माझ्या मागे. गेल्या महिन्यात तीनदा या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो."

म्हणजे कार्डावरचा एकचा आकडा चुकला होता. दुसरा आणि तिसरा प्रश्न बाईंनी कसेबसे उरकले. चौथ्याचं उत्तर त्यांना माहीतच होतं, मलाही होतं. तपासणीत काही निघालं तर स्टीअरिंग हातातून जाणार, दुसरं काय?

"उपचार घ्यायला काय आडवं येतं?"

त्यांनी खिशांवरचे हात काढून टेबलावर ठेवले.

"तू," ते म्हणाले.

माझ्या खिडकीसमोरच्या माणसाने औषधासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"घरात पाऊल टाकलं की तू बघत असतेस, पण माझ्याकडे नाही, माझ्या पायरीकडे. रांगेचं विचारलं तर तुझा चेहरा फुलतो, नाही विचारलं तर पडतो. मला नुसतं घाबरायचं होतं गं, कुणाजवळ तरी. तुझ्याजवळ घाबरलो असतो तर तू त्याचाही आकडा घातला असतास."

अकरा वर्षांत हजारोंना विचारलेला प्रश्न त्यांनी घरात एकदाही विचारला नव्हता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला. "खूप भीती वाटते का हो?"

"खूप."

"मलाही," बाई म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. टेबलावरून हात पुढे करून त्यांनी यजमानांचा हात धरला, तो ते आत डॉक्टरांसमोर जाईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि बाहेर येऊन मला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. "अजून वेळ आहे, पण आजच हलवा," एवढंच बोलले. बाई यजमानांबरोबर मागे चढल्या. पर्स, पुस्तक, सगळं टेबलावरच राहिलं.

दुपारी आवराआवर करताना कार्ड माझ्या हातात आलं. कोपऱ्यातला एकचा आकडा खोडलेला होता, त्याजागी दुसरा नव्हता. चौथ्या प्रश्नापुढे इतरांच्या कार्डांवर लिहिलेलं असतं, लांब पडतं, रजा मिळत नाही, मालक ओरडतो. तिथे बाईंनी, कधी कोण जाणे, पेनने लिहिलं होतं, "मी."