अकराव्या पानावरची सही

खिळेकाकांना मी कामावरून काढायला लावलं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. मागाहून लिहायचं ठरवलं असतं तर मी आडवळणं घेत बसलो असतो आणि शेवटी तुम्हाला माझीच दया आली असती. ती कला मला चांगली अवगत आहे.

काकांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी ते खिळेकाका. छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून ओळी जुळवायचं काम ते एकतीस वर्षं करत होते. बुटके, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, उजव्या हाताची दोन बोटं कायमची काळी. समोर खणाखणांची तिरपी पेटी, नजर मजकुरावर, आणि हात न बघता नेमक्या खणात. शिशावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे मला सरळ वाचायलाच वेळ लागतो, असं म्हणून ते कुणाचंही पत्र उलटं धरून घडाघडा वाचून दाखवायचे.

छापखान्याच्या रस्त्यावर दोन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरं समोरासमोर आहेत. आमच्या मंडळीत शिकवण अशी, की तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी. माणसानं विश्वास ठेवायचा आणि ती घ्यायची. चांगली कामं करून कुणाला स्वर्गात जागा अडवता येत नाही. बायबलातल्या पौलाच्या पत्रांतली त्याबद्दलची वचनं आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. समोरची मंडळी याकोबाचं पत्र उघडून बसलेली. ज्या विश्वासाला हातपाय नाहीत तो मेलेलाच, हे त्यांचं म्हणणं. वर त्यांना शुभवर्तमानातला तो न्यायाचा दिवस फार प्रिय, जिथं राजा एवढंच विचारतो, की भुकेल्याला जेवू घातलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का. पुस्तक दोघांचं एकच, फक्त खुणेची फीत वेगळ्या पानात. रविवारी त्यांचं गाणं वर चढलं की आमच्या ऑर्गनवाल्या बाई पायानं भाता असा हाणायच्या की खिडक्या हादरायच्या.

मी शाळेत मास्तर, आणि रविवारी आमच्या मंडळीत प्रवचन करणारा. बोलतो बरा. बरा म्हणजे काय, लोक रडायचे. त्या वर्षी मी देवाच्या कृपेवर सोळा पानांची पुस्तिका लिहिली. नेमकी त्याच आठवड्यात समोरच्या मंडळीचीही सोळा पानांची पुस्तिका त्याच छापखान्यात आली, त्याच आकाराची. काका समोरच्या मंडळीतले, पण काम दोघांचं करायचे. "दोन्हीकडचं तारण मीच जुळवतो," असं म्हणून हसायचे. आमच्यातले काही जण त्यावर नाक मुरडायचे. त्यात मीही होतो.

तिथली पद्धत अशी. पान जुळवून झालं की ते दोऱ्यानं करकचून बांधायचं आणि फळीवर ठेवायचं. त्याचा कच्चा छाप लेखकाकडे जायचा. काकांना काही शंका आली तर ते समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत विचारायचे. लेखकानं तपासून, 'छापावे' असं लिहून सही केली, की मग कुणी एका अक्षराला हात लावायचा नाही. सही झालेले कागद खिडकीजवळच्या तारेला वर्षभर खोचलेले असायचे.

माझ्या पुस्तिकेचा कच्चा छाप माझ्याकडे आला तेव्हा मी घाईत होतो. पहिलं पान, ज्यावर माझं नाव होतं, ते मी तीनदा वाचलं. उरलेल्या पंधरा पानांवर गुडघ्यावर कागद ठेवून धडाधड सह्या केल्या. आपलंच लिहिलेलं, त्यात काय वाचायचं?

पुस्तिका छापली, वाटली, लोकांनी तोंडभर कौतुक केलं. दोन महिन्यांनी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या सुईणबाईंनी मला दारात गाठलं.

"मास्तर, ते अकरावं पान काय लिहिलंत हो! वाचलं आणि मी उठून जावेकडे गेले. बारा वर्षं बोलत नव्हतो आम्ही. ती अंथरुणाला खिळलीय, तिचे केस विंचरून आले."

मी नम्रपणे मान खाली घातली. घरी आलो, आपण एवढं काय लिहून गेलो ते बघावं म्हणून अकरावं पान काढलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ते पान माझं नव्हतंच. ते समोरच्यांचं होतं. कोरडे शब्द बोलून देवाची फसवणूक करू नका, उठा, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या दारात जा, असलं सगळं. माझ्या पुस्तिकेत! आणि हजार प्रती वाचून एकाही माणसाला दहाव्या आणि बाराव्या पानाच्या मध्ये सांधा निखळलेला दिसला नव्हता.

दुसरा कुणी असता तर पोट धरून हसला असता. मी तसाच छापखान्यात गेलो. माझं खरं अकरावं पान दोऱ्यात बांधलेलं फळीवर तसंच पडून होतं, वर धूळ. फळीवरून पान घेताना काकांनी शेजारचं उचललं होतं, उघड होतं.

"हे चुकून नाही झालेलं," मी मालकांपुढे ओरडलो. "हे मुद्दाम केलंय. आमच्या पुस्तकात यांनी आपली शिकवण घुसवली."

काका चष्मा हातात घेऊन उभे होते. "पान माझ्या हातून बदललं, गुरुजी. ते माझंच चुकलं. पण मुद्दाम नाही."

मालक हिशेबी पण सरळ माणूस. ते म्हणाले, "थांबा, सहीचा कागद बघू. गुरुजींनी बघून सही केली असेल तर दोघांचीही चूक झाली, मिटलं."

ते तारेकडे गेले. पंधरा कागद होते. अकरावा नव्हता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. गुडघ्यावर ठेवून केलेल्या त्या सह्या मला लख्ख आठवत होत्या. मी त्या आठवणीवर पाय देऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बघा. कागदही नाहीसा केलाय. आता हे तरी राहतील, नाहीतर आमच्या मंडळीचं काम." आमचं काम म्हणजे अर्धा छापखाना. मालकांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फक्त, दोन पानं सोडायची राहिलीत तेवढी सोडून जातो, म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत उभं राहून एकेक खिळा आपापल्या खणात टाकत होते. पुढच्या रविवारी मी क्षमेवर बोललो. लोक रडले.

नवा माणूस आला. त्यानं जुळवलेला माझा पहिला मजकूर आला तो चुकांनी बुजबुजलेला, आणि समास कोरा. पेन्सिलीची एक रेघ नाही. त्या कोऱ्या समासाकडे बघता बघता मला आठवलं, की त्या दिवशी सह्या करताना एका पानाच्या कडेला पेन्सिलीचं काहीतरी होतं. कोणत्या पानाच्या, ते आठवेना. म्हणजे आठवू द्यायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेलो.

माफी मागायला गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. तो कागद त्यांच्याकडे आहे का, हे बघायला गेलो.

एकच खोली, एक मोरी, खिडकीत दोन डबे. काका जमिनीवर बसून रद्दीच्या कागदाच्या पिशव्या चिकटवत होते. मला बघून धडपडत उठले. "या गुरुजी. अगं, गुरुजी आलेत, चहा टाक."

"टाकते," काकू म्हणाल्या, पण चुलीकडे गेल्या नाहीत. फळीवरची पेटी खाली घेतली, तळातून कागद काढला आणि माझ्या मांडीवर आपटला.

"हेच बघायला आलात ना?"

"अगं, राहू दे," काका म्हणाले.

"का राहू दे? किती दिवस राहू दे?"

अकरावं पान. खाली 'छापावे' आणि माझी झोकदार सही. सहीच्या बरोबर शेजारी, पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत: 'गुरुजी, हे पान आपलेच ना? कृपया वाचून पाहावे.' माझ्या सहीची शेपटी त्या ओळीवरून गेली होती.

मी कागदावरून नजर वर उचलू शकलो नाही. "तुम्ही हा दाखवला का नाही?" एवढंच विचारलं.

"तुम्ही तणतणत आलात तेव्हाच काढून खिशात घातला," काका म्हणाले. "मालक बाहेर पेपर बघत होते. म्हटलं, गुरुजींना शाळेत पोरांपुढे उभं राहायचं असतं, रविवारी लोकांपुढे. न वाचता सही करतात असं झालं तर कोण ऐकणार त्यांचं? मला वाटलं, मालक मला चार शब्द बोलतील आणि विसरतील. एवढं वाढेल असं नाही वाटलं. आणि मग काढला असता तर तुमची फारच शोभा झाली असती."

"पण तुम्हाला शंका आली होती, तर तुम्ही छापलंत का?"

ते थोडे लाजले. "सही आली ना. मला वाटलं, तुमचंही मत बदललं असेल. दोघांचं कुठंतरी जुळलं म्हणून बरं वाटलं मला. त्या दिवशी घरी येऊन हिला सांगितलंही."

मी रडायला लागलो. म्हणालो, काका, सांगा, मी काय करू? तुम्ही म्हणाल ते करतो.

"काही करायचं नाही, गुरुजी. माझ्याकडून ते कधीच संपलं. चहा घ्या."

वीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की क्षमा आयती मिळते, ती फक्त घ्यायची असते. माझ्या पुढ्यात कुणीतरी ती ठेवली होती आणि ती घेताना मला अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

काकू चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "ते म्हणतायत काही करायचं नाही. मी नाही म्हणत. यांना चोर केलंत तुम्ही. जाऊन सांगा."

मी सांगितलं. त्याच रविवारी, सगळ्या मंडळीपुढे, कागद हातात धरून. बोलताना माझा आवाज मोडला. माणसं डोळे पुसत होती. शेवटी एका वडीलधाऱ्यांनी उभं राहून प्रभूची स्तुती केली, की असा नम्र सेवक आम्हाला लाभला. दारात लोकांनी माझा हात हातात घेऊन सोडला नाही. मला पिसासारखं हलकं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं आपण कधी बोललो नव्हतो असंही वाटत होतं.

समोरच्या मंडळीतून काकू बाहेर पडत होत्या. रस्ता ओलांडून आल्या.

"सांगितलंत?"

"हो काकू. सगळं. काही लपवलं नाही."

"मालक काय म्हणाले?"

मालक ना आमच्या मंडळीत होते, ना त्यांच्या. ते रविवारी घरी झोपा काढायचे. त्यांच्याकडे जायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

काकू आवाज न चढवता म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनी तुम्हाला नावाजायचंच ठरवलं होतं, त्यांनाच सांगितलंत."

मी तसाच मालकांच्या घरी गेलो, त्यांना उठवलं, कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, उद्याच बोलावतो. बोलावलंही. काका गेले नाहीत. डोळे आता काम देत नाहीत, असा निरोप पाठवला.

त्यांचे डोळे उत्तम आहेत. रस्त्याच्या टोकाला मी दिसलो, की गर्दीतूनही ते मला ओळखतात आणि हात वर करतात. मी त्यांना पाहिलेलं असतं त्याच्या कितीतरी आधी. दुकानाच्या पाटीकडे बघतोय असं दाखवत मी चालत असतो.